मेव्हण्याचा बेकारी भत्ता: पन्नास टक्के म्हणजे नक्की कशाचे?

नदीकाठचा | ६ नोव्हेंबर २०२३, रात्री ९:४२

मंडळी, आकडेमोडीची एक गुंतवळ सोडवून हवी आहे. जाणकारांनी जरा डोकं घालावं.

माझा मेव्हणा, इथे त्याला बाळू म्हणू, चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर होता. ३० सप्टेंबरला, शनिवारी, पाळी सुटताना सुपरवायझरने बावीस पोरांना गेटाशी थांबवून घेतलं. "सोमवारपासून यायचं नाही, ऑर्डर नाही." बस्स. हातात कागद दिला नाही, गेटपास तेवढा काढून घेतला. बाळूने तीन दिवस घरी सांगितलंच नाही. डबा घेऊन निघायचा आणि राजगुरुनगरच्या एसटी स्टँडवर बसून राहायचा. चौथ्या दिवशी डबा तसाच भरलेला परत आला तेव्हा कळलं.

पगाराच्या पावत्या मात्र त्याने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात नीट ठेवल्यात. प्रत्येक पावतीवर ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलेलं आहे. शेवटचा पगार १६,८००, कपात १२६ रुपये. ईएसआय कापत असेल तर नोकरी गेल्यावर तीन महिने अर्धा पगार मिळतो, 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' म्हणून आहे, असं कुणीतरी सांगितलं. मी लगेच हिशेब केला: १६,८०० चे निम्मे ८,४००, गुणिले तीन, २५,२००. आणि बाळूला तो आकडा सांगूनही बसलो.

परवा आम्ही दोघं ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पावतीवरचा नंबर टाकला, पडदा आमच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "यांची नोकरी एकच वर्षाची दिसतेय. बसत नाही." अहो, बाळू २०२० पासून ईएसआय भरतोय!

तर दोन प्रश्न. भत्ता खरंच किती बसतो? आणि पडद्यावर एकच वर्ष का दिसतंय?

---

हजेरीपट | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

भोसरीत एका लेबर कन्सल्टंटकडे मी दिवसभर हेच करते, म्हणून लिहिते.

आधी कपातीचं. ईएसआयमध्ये बेकारीचा वेगळा हप्ता नसतो. एकच वर्गणी, त्यातूनच दवाखाना, आजारपणाची रजा, बाळंतपण, अपघात आणि हा भत्ता. १ जुलै २०१९ पासून कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. त्याआधी १.७५ आणि ४.७५ होते. तेव्हा १६,८०० वर १२६ बरोबर आहेत आणि मालकाच्या खिशातून ५४६. कामगाराची रक्कम वरच्या रुपयात नेतात. १३,५०० वर १०१ रुपये २५ पैसे येतात, कापतात १०२. ज्याची रोजची सरासरी १७६ रुपयांपर्यंत आहे त्याच्याकडून काहीच कापायचं नाही, मालकाचा हिस्सा मात्र भरायचाच.

आता भत्ता. तुमचा २५,२०० चा हिशेब चुकलाय, आणि बहुतेकांचा तो इथेच चुकतो. निम्मे शेवटच्या पगाराचे नसतात. आधीचे चार अंशदान काळ, म्हणजे वर्गणीच्या सहामाही, घ्यायचे. एप्रिल ते सप्टेंबर हा एक, ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा, असे चार. त्यांत बाळूच्या नावावर नोंदलेली सगळी कमाई एकत्र करायची आणि तिला ७३० ने भागायचं. जी रोजची सरासरी येईल तिच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तेही आयुष्यात एकदाच. ७३० म्हणजे दोन वर्षांचे सगळेच्या सगळे दिवस. रविवार, खाडे, गावी बसून काढलेले महिने, सगळे आत. त्या दिवसांची कमाई शून्य, पण भागताना ते दिवस हजर.

पात्रतेचं थोडक्यात: योजना जुलै २०१८ मध्ये आली तेव्हा २५ टक्के मिळायचे, चारही काळांत निदान ७८-७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागायची आणि तीन महिने बेकार काढल्यावरच पैसे. कोविडात टाळेबंदीनंतर ते ५० टक्के केलं, ३० दिवसांनी अर्ज करता येतो, आणि लगतच्या काळात ७८ दिवस अधिक उरलेल्या तिनांपैकी कुठल्याही एकात ७८ दिवस एवढं पुरतं. विमा असलेल्या नोकरीत दोन वर्षं झालेली हवीत ही अट तशीच. ही सवलत मुदतवाढ घेत घेत २०२३ मध्येही चालू आहे.

पावत्यांवरून काळानुसार आकडे टाका, काढून देते.

---

कट्ट्यावरचा | ७ नोव्हेंबर, दुपारी १:०३

म्हणजे कामगाराने वर्षानुवर्षं भरायचं आणि मिळणार तीन महिने अर्धं, तेही आयुष्यात एकदा. याला विमा म्हणायचं? आमच्या गल्लीतल्या भिशीत यापेक्षा बरं मिळतं.

---

हजेरीपट | ७ नोव्हेंबर, दुपारी १:४०

@कट्ट्यावरचा, भिशीत बायकोचं सिझेरियन होत नाही. १२६ रुपयांत अख्ख्या कुटुंबाचा दवाखाना आहे, तो धरून बोला. बेकारीचा भाग तोकडा आहे, याबद्दल वाद नाही.

---

नदीकाठचा | ७ नोव्हेंबर, रात्री १०:२०

ताई, आभार. डबा उपडा करून बसलो होतो. हे घ्या.

ऑक्टोबर २१ ते मार्च २२: महिना १३,५००, सहाही महिने. ८१,०००.
एप्रिल ते सप्टेंबर २२: फक्त एप्रिल आणि मे, १४,००० प्रमाणे २८,०००. दिवस ५२. जूनमध्ये सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला, बाळू चार महिने गावीच होता.
ऑक्टोबर २२ ते मार्च २३: १५,२०० प्रमाणे ९१,२००.
एप्रिल ते सप्टेंबर २३: १६,८०० प्रमाणे १,००,८००.

ओव्हरटाइम वेगळा मिळायचा, पण रोख. पावतीवर नाही.

---

हजेरीपट | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

एकूण ३,०१,०००. भागिले ७३०, रोजची सरासरी ४१२ रुपये ३३ पैसे. निम्मे २०६ रुपये १६ पैसे. नव्वद दिवसांचे १८,५५५ च्या आसपास. तुमच्या आकड्यापेक्षा साडेसहा हजारांहून जास्त कमी. पैकी बरेचसे ते गावचे चार महिने खाऊन गेले. तेव्हा १४,००० नेच पगार चालू राहिला असता तर एकूण ३,५७,००० झाले असते आणि भत्ता २२,००० च्या पुढे गेला असता.

चांगली बातमी अशी की जुन्या नियमात बाळू या ५२ दिवसांमुळेच बाद झाला असता. आताच्या नियमात लगतचा काळ पूर्ण आहे, त्याआधीचाही, म्हणजे दिवसांची अट सुटली.

आणि रोखीच्या ओव्हरटाइमचं सांगायलाच हवं. ईएसआयमध्ये ओव्हरटाइमला गंमतशीर वागणूक आहे. कामगार ईएसआयच्या महिना २१,००० पगाराच्या मर्यादेत बसतो की नाही हे बघताना तो धरत नाहीत, पण वर्गणी कापताना धरतात. ठेकेदार रोख देतो कारण त्याचे ३.२५ टक्के वाचतात. कामगारालाही पाऊण टक्का वाचल्याचा आनंद होतो. महिन्याला ३,००० ओव्हरटाइम असेल तर वाचले २३ रुपये. पण दोन वर्षांत ७२,००० कमाई कागदावरून गेली, आणि भत्त्यात साडेचार हजारांच्या आसपास खड्डा.

---

मिसिसागावाली | ८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३३

धागा वाचून राहवलं नाही. मी कॅनडात आहे, यंदा मार्चमध्ये माझी गोदामातली नोकरी गेली आणि इथला एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स घेतला. इथे बेकारीचा हप्ता खरंच वेगळा कापतात: २०२३ साली पगाराच्या १.६३ टक्के, तोही वर्षाला ६१,५०० डॉलरपर्यंतच्या कमाईवर. म्हणजे वर्षात १,००२ डॉलर ४५ सेंट कापले की पुढे कपात बंद. मालक त्याच्या १.४ पट भरतो. नोकरी गेल्यावर आठवड्याच्या सरासरी कमाईच्या ५५ टक्के, यंदा जास्तीत जास्त ६५० डॉलर. पहिला आठवडा कोरडा.

पण हजेरीपट ताईंच्या ७३० वरून जे डोक्यात आलं ते हे. इथे सरासरी काढताना अख्खं वर्ष धरत नाहीत. तुमच्या भागात बेकारी किती आहे त्यावरून १४ ते २२ आठवडे ठरतात, आणि वर्षातले तुमचे सगळ्यात चांगल्या कमाईचे तेवढेच आठवडे निवडून सरासरी काढतात. मी डिसेंबरात आई आजारी म्हणून पाच आठवडे सोलापूरला होते, बिनपगारी. त्याचा भत्त्यावर काडीचा परिणाम झाला नाही. बाळूचं आणि माझं दुखणं सारखंच, पण त्याला ते साडेतीन हजारांना पडलं.

---

टाइमकीपर | ८ नोव्हेंबर, रात्री ८:१०

एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात एकतीस वर्षं काढली, त्या जोरावर दोन शब्द.

नदीकाठचे, तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे आणि त्याला अजून कुणी हात लावला नाही. मला सांगा, ऑक्टोबर २२ ला बाळू परत आला तेव्हा ठेकेदार तोच होता का? आणि मे २२ च्या पावतीवरचा विमा क्रमांक आणि सप्टेंबर २३ च्या पावतीवरचा विमा क्रमांक, दोन्ही शेजारी ठेवून एकेक आकडा मोठ्याने वाचा. दहा आकडी असतो. तो जन्माचा असतो, नोकरी बदलली तरी बदलत नाही.

७३० बद्दल एक टोचणी माझीही. हाच बाळू आजारी पडून ईएसआयच्या रजेवर गेला असता तर रोजचा पगार काढायला त्या काळातली कमाई पगारी दिवसांनी भागली असती. महिन्याला २६ धरून सहा महिन्यांचे १५६ दिवस. १,००,८०० भागिले १५६ म्हणजे ६४६. त्याच्या ७० टक्के, रोज ४५२ रुपये. नोकरी गेली तर रोज २०६. माणूस तोच, वर्गणी तीच. एकदा टक्का बदलला आणि एकदा भाजक बदलला. लोक टक्क्यावर भांडतात.

---

नदीकाठचा | ८ नोव्हेंबर, रात्री ९:०५

काका!!! शेवटचे चार आकडे वेगळे आहेत. आणि नावही. जुन्या पावतीवर 'बाळासाहेब', नव्या पावतीवर 'बाळू'. ठेकेदार बदलला होता, गेट तेच. बाळूला विचारलं तर म्हणतो, "त्या पोराने आधार मागितलं, मोबाईल नंबर मागितला, जुना नंबर कुणी विचारलाच नाही."

---

टाइमकीपर | ८ नोव्हेंबर, रात्री ९:४८

वाटलंच. नवीन ठेकेदाराच्या पोराला जुना क्रमांक शोधण्यापेक्षा नवा काढणं सोपं जातं. बाईंनी शेवटच्या पावतीवरचा नंबर टाकला, त्यांना ऑक्टोबर २२ पासूनचंच दिसणार. त्यांची चूक नाही. तिथे जमा १,९२,००० आणि नोकरी एक वर्षाची. दोन वर्षांची अट तिथेच अडली.

आता एक करा. दोन्ही क्रमांक, आधार, बँकेचं पासबुक, दोन्ही ठेकेदारांच्या काळातल्या पावत्या आणि एक साधा अर्ज घेऊन त्याच शाखेत जा. "एकाच माणसाचे दोन क्रमांक झाले आहेत, नोंदी एकत्र कराव्यात" एवढंच लिहा. कहाणी लिहू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचशिक्का घ्या. आणि विचारा, कामावरून जाण्याचं कारण काय टाकलंय.

---

वाळूजचा पाहुणा | ९ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

मधेच घुसतोय, माफी. माझं वेगळं आहे. मे महिन्यात पगार २०,८०० वरून २१,६०० झाला. सप्टेंबरपर्यंत ईएसआय कापलं, ऑक्टोबरच्या पावतीत नाही. आता कंपनी म्हणते नोव्हेंबरअखेर तुमची गरज नाही. मला हा भत्ता मिळेल का? नऊ वर्षं भरलंय.

---

हजेरीपट | ९ नोव्हेंबर, दुपारी २:००

@वाळूजचा पाहुणा, कंपनीने कापलं ते बरोबरच कापलं. अंशदान काळाच्या मध्येच पगार २१,००० च्या वर गेला तरी तो काळ संपेपर्यंत पूर्ण पगारावर वर्गणी चालू राहते. तुमच्या बाबतीत २१,६०० वर १६२ रुपये. १ ऑक्टोबरला नवा काळ लागला, तुम्ही योजनेबाहेर गेलात. नोकरी जाणार ती विमा नसलेल्या दिवसांत. त्यामुळे या भत्त्यात तुमचं बसत नाही. वाईट वाटतं सांगताना. आठशे रुपयांच्या वाढीने हे घालवलं, आणि ही २१,००० ची मर्यादा जानेवारी २०१७ पासून तिथेच आहे.

दवाखाना मात्र लगेच बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबर २३ च्या वर्गणीचा लाभकाळ १ जानेवारी ते ३० जून २०२४ आहे. घरात कुणाचं ऑपरेशन लांबवलं असेल तर त्या आत उरका.

आणि कंपनीकडून लेखी घ्या. नऊ वर्षं सलग झालीत, म्हणजे कामगारकपातीची भरपाई दरवर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, वर महिन्याची नोटीस किंवा नोटिशीचा पगार, आणि ग्रॅच्युइटी वेगळी. हे पैसे भत्त्यापेक्षा कितीतरी मोठे आहेत. 'राजीनामा लिहून द्या, हिशेब लवकर करू' असं म्हणतील, तिथे सही करू नका.

---

वाळूजचा पाहुणा | ९ नोव्हेंबर, दुपारी २:१८

राजीनाम्याचा कागद कालच टेबलावर ठेवलाय. सही केली नाही. बरं झालं विचारलं.

---

गिरणगावची | ९ नोव्हेंबर, रात्री १०:५१

अवांतर आहे, पण लिहिते. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत स्पिनिंगला होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. ईएसआयचं कार्ड आमच्याकडे होतं, बाळंतपणं आणि खोकल्याची बाटली त्यावरच. पण काम गेलेल्या माणसाला रोजचे दोन पैसे देणारं काही त्या कार्डावर नव्हतं. आईने खानावळ घातली, अकरा माणसांची. 'रोज २०६ रुपये' हा आकडा वाचून मला तो तोकडा आहे असं म्हणवत नाही, आणि पुरेसा आहे असंही म्हणवत नाही.

---

कट्ट्यावरचा | १० नोव्हेंबर, सकाळी ९:१५

ताई, संपावर असता तर आजही अवघड होतं. बेकायदेशीर ठरलेला संप किंवा टाळेबंदी चालू असेल तर हा भत्ता नाही. परवाच्या टोमण्यानंतर नियम वाचून काढले. गैरवर्तनासाठी काढलं, स्वतःहून सोडली, स्वेच्छानिवृत्ती घेतली, वय झालं, तर काही नाही.

आणि एक सापडलं जे इथे कुणी बोललं नाही. २००५ पासूनची 'राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना'. कारखाना कायद्याने बंद झाला किंवा रीतसर कामगारकपात झाली तर त्यात २४ महिन्यांपर्यंत भत्ता आहे, पहिल्या वर्षी पगाराच्या निम्मा. ९० दिवसांपुढे कितीतरी जास्त. बाळूला का नाही?

---

टाइमकीपर | १० नोव्हेंबर, सकाळी १०:४०

शाब्बास, वाचलंत हे बरं केलं. बाळूला नाही, कारण त्याची कपात 'रीतसर' झाल्याचा कागदच नाही. गेटवर तोंडी सांगून काढलं ती रीतसर कामगारकपात नव्हे. ती योजना नोटीस, भरपाई, सरकारला कळवणं असं सगळं झालेल्यांसाठी. ठेक्यावरच्या पोराच्या नशिबात ते क्वचितच. ज्यांचा अख्खा कारखाना कायद्याने बंद झालाय त्यांनी मात्र आधी तीच मागावी.

---

नदीकाठचा | १६ नोव्हेंबर, रात्री ८:३०

अपडेट. दिवाळी मध्ये आली म्हणून उशीर.

शाखेत गेलो. अर्ज दिला, पोचशिक्का घेतला. त्याच बाई होत्या. दोन्ही नंबर बघून म्हणाल्या, "हे रोज येतं." क्रमांक जोडायला वेळ लागेल, पण होईल. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे कारण विचारलं. पडद्यावर '२' दिसतंय, म्हणजे 'नोकरी सोडली'. बाळूचा चेहरा पडला. "मी कुठे सोडली? त्यांनी गेटपास काढून घेतला."

आता?

---

हजेरीपट | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१२

हे माझ्या रोजच्या कामातलं, म्हणून नीट सांगते. दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत मागच्या महिन्याची वर्गणी भरायची असते. त्यासाठी एक्सेलची एक फाइल चढवतो: क्रमांक, नाव, पगारी दिवस, पगार, आणि शेवटी शून्य दिवसवाल्यांसाठी कारणाचा आकडा. १ रजेवर, २ नोकरी सोडली, ३ निवृत्त, ४ मर्यादेबाहेर, ५ मृत्यू, पुढे १० कामगारकपात, ११ काम नाही. बाळूचा सप्टेंबर पूर्ण भरला, ऑक्टोबरला दिवस शून्य, म्हणून हा आकडा ऑक्टोबरच्या फाइलीत, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडला. १४ तारखेच्या रात्री दोनशे नावं भरणारा पोरगा काय करतो? सगळ्यांना २ टाकून खाली ओढतो. मीही सुरुवातीला केलंय. तेव्हा मला माहीत नव्हतं की त्या '२' चा अर्थ पलीकडे 'स्वतःहून सोडली' असा निघू शकतो.

ठेकेदाराकडून 'काम नसल्याने कमी केले' असं पत्र आणा. भत्त्याचा अर्ज ठेकेदाराकडून पाठवावा लागत नाही, ती अट गेली, आपण थेट देऊ शकतो. पण कारणाची खात्री शाखा त्याच्याकडूनच करणार.

---

मिसिसागावाली | १६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

इथेही हुबेहूब! नोकरी सुटली की मालकाला रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट द्यावा लागतो आणि त्यात एक अक्षर असतं. ए म्हणजे काम कमी, ई म्हणजे स्वतः सोडली, एम म्हणजे काढून टाकलं. माझ्या ओळखीच्या एका पंजाबी ड्रायव्हरला चुकून ई पडलं, दोन महिने भांडत होता. खंड बदलला तरी एक अक्षर ते एक अक्षर.

---

टाइमकीपर | १६ नोव्हेंबर, रात्री १०:०२

ठेकेदार पत्र देणार नाही, कारण 'कमी केले' लिहिलं की भरपाईचा प्रश्न उभा राहतो. त्याच्याकडे जाऊच नका. मूळ कंपनीच्या एचआरकडे जा. ईएसआय कायद्यात ठेक्यावरच्या माणसाची वर्गणी भरायची पहिली जबाबदारी मूळ मालकाची असते, तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करतो. एचआरला ठेकेदाराच्या चुका अंगावर नको असतात. आवाज चढवू नका. पोचशिक्क्याची प्रत फक्त टेबलावर ठेवा.

---

नदीकाठचा | २४ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

काका, तुम्हाला साष्टांग. एचआरमधल्या मुलाने शिक्का बघितला, आमच्यासमोरच ठेकेदाराला फोन लावला. दहा मिनिटं 'हो सर, हो सर'. तिसऱ्या दिवशी पत्र तयार. बावीसही पोरांचं एकत्र, म्हणजे बाकी एकवीस जणांचाही रस्ता मोकळा. त्यांतल्या चौघांचे नंबर दुहेरी निघाले.

---

नदीकाठचा | १९ डिसेंबर, रात्री ९:३०

क्रमांक जोडला गेला. पडद्यावर ऑक्टोबर २०२० पासूनचं सगळं दिसतंय. भत्त्याचा अर्ज ऑनलाइन भरला, प्रत सही करून शाखेत दिली.

पण मधे एक झालं. बाळूला ११ डिसेंबरपासून म्हाळुंगेला काम लागलं. ठेकेदारच, पण बरा वाटतो. आता बाळू म्हणतो, "दाजी, नव्वद दिवसांचेच मागू ना. तीन महिने पूर्ण व्हायला थोडेच दिवस राहिलेत. त्यांना कुठे कळतंय?"

---

टाइमकीपर | १९ डिसेंबर, रात्री ९:५५

कळतं. नवा ठेकेदार १५ जानेवारीच्या आत त्याच क्रमांकावर डिसेंबरची वर्गणी भरणार. त्यात बाळूचे दिवस दिसणार. खोटी माहिती देऊन लाभ घेणं हा या कायद्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद लिहिली आहे. काम लागलं त्याच्या आदल्या दिवसापर्यंतचेच मागा.

---

हजेरीपट | २० डिसेंबर, सकाळी ८:०५

१ ऑक्टोबर ते १० डिसेंबर: ३१ अधिक ३० अधिक १०, एकूण ७१ दिवस. गुणिले २०६.१६, म्हणजे १४,६३७ च्या घरात. उगाच कमी वाटून घेऊ नका. दोन वर्षांत बाळूच्या पगारातून एकूण कापले गेले २,२६२.

(हो, मोजले. ०.७५ टक्क्याने २,२५७ रुपये ५० पैसेच होतात. वरचे साडेचार रुपये त्या १०२ वाल्या सहा महिन्यांचे.)

---

कट्ट्यावरचा | २० डिसेंबर, सकाळी ८:३०

साडेचार रुपये परत मागा. :)

---

नदीकाठचा | १४ जानेवारी २०२४, रात्री ८:५०

शेवटचं अपडेट. शुक्रवारी खात्यात पैसे आले, ७१ दिवसांचे, ताईंच्या आकड्याबरोबर. बाळूने त्यातून आधी सासऱ्यांच्या फिजिओथेरपीची थकबाकी दिली. उरलेल्यातून पोरीला दप्तर.

नव्या जागी नोंदणीचा फॉर्म भरताना 'आधीचा विमा क्रमांक असल्यास' असा एक रकाना होता. समोरचा पोरगा म्हणाला तो सोडला तरी चालतं. बाळूने त्याच्या हातातून पेन घेतलं, दहा आकडे स्वतः लिहिले आणि त्याला मोठ्याने वाचायला लावले. डिसेंबरची पावती आज दाखवायला घेऊन आला. २१ दिवसांचे ११,७००. ईएसआयच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणतो, "दाजी, ८७ रुपये ७५ पैसे होतात. ८८ कापलेत. बरोबर आहे ना?"